जोडणी पोहोचली, शिकवणी कुठे अडली?

तळटीप (धागाकर्ता)

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा २०२४ चा अंदाज असा आहे की जगात ५५० कोटी लोक इंटरनेट वापरतात आणि २६० कोटी अजून वापरत नाहीत. हे २६० कोटी म्हणजे टॉवर न पोहोचलेल्या डोंगरदऱ्यांतली माणसं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मोबाइल ब्रॉडबँडच्या टप्प्यात जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त लोकसंख्या कधीच आली आहे. म्हणजे नेटबाहेर असलेल्यांपैकी बहुतेक जण रेंजमध्येच राहतात! कुणाकडे फोन नाही, कुणाला डेटा परवडत नाही, कुणाला वाचता येत नाही, आणि कुणाला त्यात आपल्या कामाचं, आपल्या भाषेतलं काही सापडत नाही.

हाच गोंधळ शिक्षणात जास्त महागात पडतो. एप्रिल २०२० मध्ये १९० च्या आसपास देशांत शाळा बंद होत्या आणि १५० कोटींहून जास्त विद्यार्थी घरी होते. त्या वर्षाच्या शेवटी युनिसेफ आणि या दूरसंचार संघाने हिशेब मांडला, तेव्हा ३ ते १७ वयोगटातल्या १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेटच नाही असं निघालं. तीन मुलांमागे दोन. त्यावर जो तो एकच उपाय सांगू लागला, तारा ओढा आणि टॅब वाटा.

वाटून पाहिलेलं आहे की. पेरूने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेखाली आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना दिले. २०१२ मध्ये ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास बाहेर आला. गणितात फरक नाही, भाषेतही नाही. त्यातल्या बहुतेक शाळांत नेट नव्हतं, म्हणून हे उदाहरण बाद करावं असं कुणी म्हणेल. मग उरुग्वे घ्या. तिथे २००७ मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू झाला आणि दोनच वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप आला. सोबत नेटही होतं. तरी सुरुवातीच्या मोजणीत गणित आणि वाचन जिथल्या तिथे.

पण त्याच उरुग्वेने पुढे जे केलं ते मला फार आवडतं. इंग्रजी शिकवायला पुरेसे शिक्षक नव्हते, म्हणून २०१२ पासून दूरदेशीचे शिक्षक व्हिडिओवरून वर्गात आणले. आठवड्यातून एक तास पडद्यावरच्या शिक्षकाचा. बाकीचे तास वर्गातल्याच शिक्षकाचे, आणि त्यांना स्वतःला इंग्रजी फारसं येत नसे! ते मुलांबरोबर शिकत आणि वर्ग सांभाळत. पडदा आला म्हणून वर्गातल्या माणसाला घरी पाठवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की 'नेट आहे का' या प्रश्नाने चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. त्या मुलाच्या शेजारी कोण आहे, हे कुणी विचारत नाही. सहमत नसाल तर जरूर लिहा, उदाहरणासह.

उडाणटप्पू

वाचतोय. मारामारी सुरू झाली की हाक मारा.

खडूफळा

मी शिक्षिका आहे, त्यामुळे जरा लांब लिहिणार.

शाळा बंद होत्या त्या काळात पडद्यावर शिकवलं. काळे चौकोन आणि त्यात नावं. "समजलं का?" असं विचारलं की शांतता. वर्गातही शांतता असते, पण तिचे प्रकार असतात आणि ते मला ओळखता येतात. समजल्याची शांतता, कंटाळल्याची, आणि 'मला विचारू नका' अशी खाली बघणारी. या तिसऱ्या शांततेवरच माझा निम्मा धंदा चालतो. कुणाला फळ्यापाशी बोलवायचं आणि कुणाला अजिबात नाही, ते तिच्यावरून ठरतं. पडद्यावर सगळ्या शांतता सारख्या. शिकवताना हात बांधले गेले ते तिथे, नेटच्या गतीने नव्हे.

आता उदाहरण. बोट्स्वाना, २०२०. शाळा बंद झाल्यावर साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर प्रयोग केला. ॲप नाही, व्हिडिओ नाही, साधा फोन. काही घरांना आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली. काही घरांना एसएमएस, आणि शिवाय शिक्षकाचा १५-२० मिनिटांचा फोन. शिक्षकाचा फोन आलेल्या घरांतल्या मुलांचं गणित ठळकपणे सुधारलं. नुसत्या एसएमएसचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा इथेही हाच प्रयोग झाला आणि फोनचा उपयोग पुन्हा दिसला.

आठवड्याला वीस मिनिटं! बटणांच्या फोनवर! हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. किती ॲपांचे पासवर्ड लक्षात ठेवले आपण.

दोन पोरांची आई

खडूफळा ताई, 'मला विचारू नका'वाली शांतता अगदी बरोबर. माझा धाकटा त्यातलाच.

बिनतारी

नेटवर्कच्या धंद्यातला आहे, म्हणून तारेच्या बाजूने थोडं बोलतो. धागाकर्त्यांचा मुद्दा मान्य, पण तो ऐकून 'तार महत्त्वाची नाही' असं कुणी समजू नये. तार नीट नसेल तर शेजारचा माणूसही हतबल होतो.

कागदावर 'शाळा जोडली' अशी खूण होते तेव्हा एक जोडणी मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत आलेली असते. तीस मुलांनी एकाच वेळी साध्या दर्जाचा व्हिडिओ लावला तर प्रत्येकी एक-दीड मेगाबिट धरून ३० ते ४५ मेगाबिट गती सलग लागते. सलग हा शब्द महत्त्वाचा. जाहिरातीत लिहितात ती कमाल गती, आणि ती आसपासच्या सगळ्यांत वाटली जाते. त्यात मुलांकडून उत्तर यायचं असेल तर अपलोड लागतो आणि स्वस्त जोडण्यांत मार खातो तो नेमका अपलोड. शिक्षकाचं मुलांपर्यंत पोहोचतं, मुलांचं शिक्षकापर्यंत नाही. खडूफळा ताईंच्या काळ्या चौकोनांमागे लाजरी मुलं होतीच, पण कॅमेरा लावला की आवाज तुटतो म्हणून तो बंद ठेवणारीही बरीच असणार.

यावर उपाय आहे, पण त्याला कुणी फीत कापायला येत नाही. शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवायचा. 'कोलिब्री' नावाची मुक्त प्रणाली आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते. धडे, व्हिडिओ, सराव सगळं त्यात भरून ठेवायचं, मुलं शाळेच्या वायफायवरून वापरतात, बाहेरचं नेट लागतच नाही. 'किविक्स' ही अशीच दुसरी प्रणाली वापरून अख्खा विकिपीडिया असाच ठेवता येतो. महिन्यातून एकदा कुणीतरी नेटमध्ये जाऊन नवं भरून आणलं की झालं.

आणि तार तुटू शकते, हेही धरून चालावं. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी उसळला आणि त्या देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक समुद्राखालची केबल तुटली. दुरुस्तीला पाच आठवडे लागले. सगळा अभ्यासक्रम ढगात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर (क्लाउडवर), ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उडाणटप्पू

ढग म्हणजे दुसऱ्याचा संगणक, असं आमचे एक मित्र म्हणतात. हल्ली त्यांच्या सगळ्या फायली त्याच ढगात आहेत.

एकलव्य_२

मी थोडी काडी टाकतो.

'शेजारी माणूस हवा' हे ऐकायला गोड लागतं, पण ज्यांच्या शेजारी कुणी नव्हतंच त्यांचं काय? मला प्रोग्रॅमिंग शिकवणारं आसपास कुणी नव्हतं. जे शिकलो ते व्हिडिओ बघून, दुसऱ्यांचा कोड वाचून आणि अनोळखी लोकांना प्रश्न विचारून. नेट नसतं तर काहीच नसतं. त्यामुळे 'नुसत्या नेटने काय होतं' असं म्हणणारे लोक बहुधा जवळ चांगला शिक्षक मिळालेले असतात, अशी माझी शंका आहे.

उदाहरण हवं ना? २०१२ मध्ये एमआयटीचा सर्किट्सचा कोर्स जगासाठी खुला केला. दीड लाखांच्या आसपास नोंदणी झाली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे साडेतीनशेच्या आत. त्यात एक मंगोलियातला १५ वर्षांचा मुलगा होता! नेटशिवाय हे कसं झालं असतं?

तळटीप

उदाहरण उत्तम निवडलंत, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. :) त्या मुलाचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. त्यांनीच शाळेतल्या मुलांना हा कोर्स घ्यायला लावला. स्टॅनफर्डमधून एक जण प्रयोगशाळेचं सामान घेऊन तिथे गेला आणि मुलांना प्रत्यक्ष सर्किट जोडून शिकवलं. मुलगा हुशार होताच, त्यात वाद नाही. पण 'एकटा पोरगा आणि इंटरनेट' ही त्याची गोष्ट अर्धीच.

आणि कोर्स पूर्ण करणाऱ्यांचे आकडेही बघा. एमआयटी आणि हार्वर्डच्या 'एडएक्स' या ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त जण कोर्समध्ये पाऊलही टाकत नाहीत. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास.

एकलव्य_२

हा आकडा दाखवून दरवेळी बदनामी होते. नाव नोंदवणं फुकट आहे. पुस्तकाच्या दुकानात चाळून परत ठेवलेल्या पुस्तकांत आपण नापास झालो असं कुणी म्हणतं का? त्याच अभ्यासात, पैसे भरून नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. ज्याला करायचं असतं तो करतो.

मुख्याध्यापकांचं मान्य. पण बघा, एका मुख्याध्यापकाच्या जोरावर एमआयटीचा अख्खा वर्ग तिथे उतरला. तो मुख्याध्यापक आहे म्हणून नेटचं महत्त्व कमी होत नाही, उलट नेट आहे म्हणून त्या एका माणसाची ताकद शंभरपट होते. तुम्ही एकाच्या विरुद्ध दुसरं असं मांडताय ते पटत नाही.

तळटीप

'शंभरपट' घेतो. शून्याला शंभरने गुणून पाहा, एवढंच माझं म्हणणं.

उडाणटप्पू

आली आली, मारामारी आली.

जुनी वही

पोरांनो, नवं काहीच नाही यात. (वयाचा फायदा घेतोय.)

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो मैल पसरलेल्या गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांसाठी ॲलिस स्प्रिंग्ज इथे १९५१ मध्ये 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. दूरदूरच्या घरांत विमानाने येणाऱ्या 'उडत्या डॉक्टरां'ना बोलावण्यासाठी रेडिओ संच आधीच होते. ॲडलेड मीथके या शिक्षिकेच्या लक्षात आलं की या संचांवर मुलं एकमेकांशी बोलू शकतील. पुढे उपग्रह आला, व्हिडिओ आला. पण एक गोष्ट बदलली नाही. प्रत्येक घरी मुलाजवळ बसणारी एक मोठी व्यक्ती लागते, बहुतेकदा आई, नाहीतर नेमलेली शिकवणारी. आणि वर्षातून काही वेळा सगळी मुलं एका जागी जमतात, एकमेकांची तोंडं बघतात, एकत्र खेळतात. सत्तर वर्षं चाललेली शाळा आहे, तिने या दोन गोष्टी सोडल्या नाहीत.

दुसरं आपल्याकडचं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, 'साइट' प्रयोग. नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली २४०० गावं. प्रत्येक गावात एकच संच, सगळ्यांना मिळून बघायला. शेती, आरोग्य, शाळेच्या मुलांचे कार्यक्रम, प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण. वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला.

मला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिली आहे. संच एक असल्याने माणसं जमत. जमली की बोलत. कार्यक्रम पटला नाही तर तिथेच टीका होई. आता प्रत्येकाच्या खिशात संच आहे, मजकूर त्या काळच्या हजारपट आहे, आणि घरातली चार माणसं चार वेगळ्या गोष्टी बघत बसलेली. वाईट म्हणत नाही. मीही त्यातलाच एक, आत्ता पाहा कुणाशी बोलतोय.

नवी_पाटी

जुनी वही काका, सुंदर प्रतिसाद. साइटबद्दल माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

'भिंतीतला संगणक' प्रयोग कसा काय कुणी आणला नाही अजून? १९९९, दिल्लीत कालकाजीला सुगता मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपापली शिकली, शिक्षक नाही काही नाही. एकलव्य_२ यांना बळ मिळावं म्हणून. :)

खडूफळा

नवी_पाटी, त्याचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. त्याच सुगता मित्रा यांनी २००९ च्या सुमाराला 'ग्रॅनी क्लाउड' सुरू केलं. जगभरातल्या स्वयंसेवकांनी, त्यात कितीतरी निवृत्त शिक्षिका, स्काइपवरून मुलांशी बोलायचं. शिकवायचं नाही, नुसतं "अरे वा, हे कसं केलंस?" असं विचारायचं. शिक्षकाशिवाय शिकता येतं असं सांगणाऱ्या माणसालाही शेवटी कौतुक करणारी आजी जोडावी लागली.

एकलव्य_२

आजी मान्य. आजी चालेल. फक्त परीक्षा घेणारी नको.

कानसेन

सगळे 'पडद्या'बद्दल बोलताय म्हणून लिहितो. मला दिसत नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरतो, हा प्रतिसादही त्यावरच लिहितोय.

माझ्यासाठी नेटमुळे जे बदललं ते फार साधं आहे. पूर्वी पुस्तक कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित करेपर्यंत किंवा ब्रेलमध्ये येईपर्यंत सत्र उलटून जायचं. आता वर्गातल्या बाकीच्यांना जेव्हा मिळतं तेव्हाच मलाही मिळू शकतं. 'मिळू शकतं' असं मुद्दाम म्हणतोय. कारण शाळा-कॉलेजं नोट्स पाठवतात त्या पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफ असतात. स्क्रीन रीडरला तिथे अक्षर नाही, एक चित्र दिसतं. किंवा मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, मग कानात नुसती अगम्य अक्षरं. नेट आहे, फाइल आली आहे, उघडलीही आहे, आणि माझ्यासाठी पान कोरं. गणितातली समीकरणं तर विचारूच नका.

'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी लिहायला घेतला, कारण बाजारातले परवडत नव्हते. आज तो मराठीतही बोलतो. मला यात एकलव्य_२ आणि तळटीप दोघंही बरोबर वाटतात. दोन माणसांनी घरबसल्या जगाला साधन दिलं, हे नेटशिवाय होत नाही. आणि कॉलेजात एक लिपिक असा भेटला जो फोटो न काढता मूळ फाइल पाठवायचा. त्याच्यामुळे माझं ते वर्ष पार पडलं.

बिनतारी

कानसेन, हे सगळ्या संकेतस्थळवाल्यांना वाचून दाखवायला हवं. नोंद केली.

शेजारधर्म

धाग्याच्या शीर्षकात शिकवणी आहे, पण तळटीप यांचा प्रश्न मोहल्ल्यालाही लागू होतो. म्हणून थोडं त्या बाजूला नेतो.

नेटमुळे शेजार मोडला असं सरसकट म्हणतात. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीचा अभ्यास झाला होता, अभ्यासकांनी तिला 'नेटव्हिल' नाव दिलं. काही घरांना वेगवान नेट आणि वसाहतीची ईमेल यादी मिळाली, काहींना मिळाली नाही. जोडलेल्या घरांतल्या लोकांना सरासरी २५ शेजाऱ्यांची नावं माहीत होती. न जोडलेल्यांना आठ! आणि घरं बांधणाऱ्या बिल्डरच्या कामात त्रुटी निघाल्या तेव्हा याच यादीवरून सगळ्यांनी मिळून त्याला धारेवर धरलं. बिल्डरला बहुतेक नंतर वाटलं असेल की तार टाकायची राहिली असती तर बरं.

पण ती यादी कशी होती? फक्त त्या वसाहतीची. लिहिणारा उद्या कोपऱ्यावर भेटणार हे माहीत असलेली. आजच्या गटांत हजारभर माणसं आणि कोण कुठला ते ठाऊक नाही. व्हॉट्सॲपला २०१८ पासून फॉरवर्डवर मर्यादा घालाव्या लागल्या, एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. हे तंत्रज्ञान तेच, माणसं तीच, फक्त समोरासमोर येण्याची शक्यता गेली की वागणं बदलतं.

दुसरं, मला खरा रस आहे तो जोडणी कुणाच्या मालकीची यात. मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात तालेआ दे कास्त्रो नावाचं गाव आहे. मोठ्या कंपन्यांना ते परवडण्याइतकं मोठं वाटेना. २०१३ मध्ये गावाने स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं. वाहिन्या थोड्या, म्हणून सुरुवातीला नियम ठेवला की एक कॉल पाच मिनिटांपेक्षा जास्त चालायचा नाही. विचार करा, सगळ्या गावाला ठाऊक आहे की मी जास्त बोललो तर दुसऱ्याचा फोन लागणार नाही. इंग्लंडच्या उत्तरेत 'बी४आरएन' म्हणून सहकारी धर्तीची संस्था आहे, २०११ पासूनची. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून फुकट वाट दिली, लोकांनी स्वतः चर खणले, फायबर टाकली. कातालोनियात 'गिफी.नेट' २००४ पासून आहे, तिथे ३५ हजारांवर जोडणीबिंदू लोकांनीच उभारलेत.

अशा ठिकाणी नेट बंद पडलं तर लोक ग्राहक सेवेला फोन करत नाहीत, ज्याने चर खणला त्याच्या दारात जातात.

बिनतारी

धंद्यातला माणूस म्हणून एक टाचणी. असली नेटवर्क सुरू करणं सोपं, दहा वर्षांनी चालवणं अवघड. बॅटऱ्या मरतात, उत्साही माणूस गाव सोडतो, उपकरणं बदलावी लागतात. गिफी टिकली कारण त्यांनी व्यवसाय करणाऱ्यांना आत घेतलं आणि देखभालीचा खर्च वाटून घ्यायचे नियम केले. नुसत्या स्वयंसेवेवर काही वर्षं जातात, पुढे नाही.

दोन पोरांची आई

इतक्या अभ्यासू प्रतिसादांत माझा घरगुती आहे. चालवून घ्या.

शाळेचं ॲप आहे. परीक्षेचे गुण शिक्षकांनी भरले की त्याच क्षणी माझ्या फोनवर टिंग. थोरली घरी पोहोचायच्या आधी मला माहीत असतं की गणितात पडली. ती दारातून आत येते आणि माझ्या तोंडाकडे बघते. माझ्या लहानपणी मार्क सांगायचे की नाहीत, कधी सांगायचे, आईला आधी की बाबांना, हे माझ्या हातात होतं. घरी येईपर्यंतचा तो रस्ता माझा होता. तेवढ्यात मी धीर गोळा करत असे, थोडं खोटंही रचत असे, आणि शेवटी बहुतेक वेळा खरंच सांगत असे. हिच्याकडून तो रस्ता आम्ही काढून घेतलाय. उपस्थिती, गृहपाठ, बसमध्ये चढली, बसमधून उतरली, सगळं टिंग.

मी सूचना बंद केल्या. मग पालकांच्या गटावर रात्री अकराला कुणीतरी सगळ्या वर्गाच्या गुणांचा फोटो टाकला! आता गट सोडायचा म्हटलं तर उद्या सहल कुठे आणि कधी हे कळणार कसं? शाळा आता वहीत लिहून देतच नाही.

खडूफळा

हे फार आतलं लिहिलंत. शिक्षकांच्या बाजूने सांगते, गुण त्याच दिवशी भरले नाहीत तर आम्हालाही टिंग येते.

नजरेआड

आईंच्या मुद्द्याला धरून. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने ४९ देशांत शाळाबंदीच्या काळात वापरलेली १६० हून जास्त शैक्षणिक ॲपं आणि संकेतस्थळं तपासली. त्यातली ८९ टक्के मुलांच्या माहितीच्या बाबतीत त्यांच्या हक्कांना धोका पोहोचेल असं काहीतरी करत होती. कितीतरी ठिकाणी ती माहिती जाहिरातवाल्यांकडे जात होती, आणि यातली बरीच उत्पादनं सरकारांनीच सुचवलेली. वर्गाच्या दाराशी आपण अनोळखी माणसाला अडवतो. वर्ग फोनमध्ये गेला तेव्हा दाराशी कुणी नव्हतंच.

एकलव्य_२

मग फोनवर बंदी घालायची का? फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेत घातली, नंतर आणखी देशांनीही. मला ती सोपी पळवाट वाटते.

खडूफळा

वर्गात फोन नको, असं माझं स्पष्ट मत. पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणीच्या २०२२ च्या फेरीत तीनातल्या दोन मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना उपकरणांमुळे लक्ष उडतं. पण त्याच अहवालात, शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासभरापर्यंत उपकरण वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरस होती. म्हणजे कपाटात ठेवून कुलूप लावणं हाही उपाय नाही. बाहेर काढायचं, काम झालं की आत. हे ठरवणारा शिक्षक वर्गात हवा आणि त्याला ते ठरवण्याचा अधिकार हवा. वरून आलेल्या परिपत्रकात दोन्ही टोकंच असतात, आज सगळं डिजिटल, उद्या सगळं बंद.

भडभुंजा_९९

हे सगळं अमक्या सरकारच्या काळात सुरू झालं आणि

(प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.)

उडाणटप्पू

अरेरे. रंगात येत होतं.

तळटीप

आभार, भडभुंजा. राजकारणाचा धागा वेगळा काढा, तिथे येतो.

एकलव्य_२, तुमचा आक्षेप डोक्यात बसलाय. ज्याच्याजवळ कुणी नाही त्याला नेट हाच पहिला शेजारी असतो, हे तुमचं म्हणणं आकड्यांत बसत नाही म्हणून खोटं ठरत नाही. माझा वाद तुमच्यासारख्यांशी नाहीच. तुमच्यासारखा एक जण दाखवून बाकी सगळ्या मुलांच्या हातात टॅब कोंबून हात झटकणाऱ्यांशी आहे.

एकलव्य_२

हे मान्य. आणि खरं सांगायचं तर ज्या अनोळखी लोकांना मी प्रश्न विचारायचो, त्यातला एक जण रोज उत्तर द्यायचा. नाव-गाव काही माहीत नाही. तो तुमच्या हिशेबात 'शेजारी' धरायचा का?

तळटीप

धरायचा म्हणजे काय, तोच.

नवी_पाटी

खडूफळा ताई, ते बोट्स्वानाचं डोक्यातून जात नाहीये. आम्ही काही जण सुट्टीत मुलांना शिकवतो. सगळ्यांच्या घरी नेट नाही, फोन मात्र आहे. असं वीस मिनिटांचं करायचं तर सुरुवात कशी करायची? फोन केला की पालक "हो, अभ्यास करतो तो" म्हणून ठेवून देतील.

खडूफळा

ठेवतील, म्हणून आधी मुलाला बोलवायला सांगायचं आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगायचा. त्या प्रयोगातही तसंच केलं होतं. पालक आणि मूल दोघांनाही ऐकू यायला हवं, कारण उरलेले सहा दिवस तुम्ही तिथे नसणार, पालक असणार.

बाकी माझ्या अनुभवाचं. पहिलं उदाहरण त्याला नक्की येईल असं घ्या. दोन आकडी बेरीज येत असेल तर तीच द्या, जरी तो पाचवीत असला तरी. इयत्ता विसरा, त्याला काय येतं तिथून सुरू करा. उत्तर चुकलं तर "चूक" म्हणू नका, "कसं काढलंस ते सांग" म्हणा. फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे त्याला बोलतं ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. ठेवण्याआधी एक उदाहरण पालकांच्या देखत द्या आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि ती चुकवायची नाही. एकदा चुकलात की पुढच्या वेळी मूल फोनपाशी नसतं.

नवी_पाटी

एका माणसाला किती मुलं झेपतात?

खडूफळा

संध्याकाळी दोन तास काढलेत तर पाच. सहावं घेऊ नका, फोन न लागण्यात आणि "बाहेर गेलाय, बोलावते" म्हणण्यात वेळ जातोच.

कानसेन

त्यातला एक वार मला द्या. फोनवरून शिकवायची मला सवय आहे.